महाविद्यालयाचा कारभार आणि प्राध्यापकांचा वाटा





बारावीचा निकाल लागला की आपल्या वडोदऱ्यातील बहुतेक मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कॉमर्स फॅकल्टीला घालायचे की सायन्स फॅकल्टीला? टक्के पुरतील का? फी किती? पालक ह्या सर्व गोष्टी बारकाईने विचारतात आणि ते योग्यच आहे. परंतु एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही: ज्या महाविद्यालयात आपले मूल तीन-चार वर्षे काढणार, त्याचा कारभार कोण चालवते? अभ्यासक्रम कोण ठरवते, परीक्षेची पद्धत कोण ठरवते, नवा विषय सुरू करणे किंवा जुना बंद करणे कोणाच्या हाती आहे? आणि जे रोज वर्गात उभे राहून शिकवतात, त्या प्राध्यापकांना ह्या निर्णयांत किती स्थान आहे?

हा प्रश्न कोरडा वाटेल, पण २०२३ पासून तो आपल्या शहराच्या दाराशी येऊन उभा आहे. म्हणून ह्या अंकात त्याची थोडी ओळख करून देण्याचे योजले आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'फॅकल्टी' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे विद्याशाखा. आपण वडोदरेकर ह्याच अर्थाने तो वापरतो, "आर्ट्स फॅकल्टीजवळ भेटू" असे म्हणतो. दुसरा अर्थ म्हणजे प्राध्यापकवर्ग, म्हणजे शिकवणारी माणसे. एकाच शब्दाने इमारतही सांगावी आणि माणसेही, ह्यात एक शहाणपण आहे. शिकवणारी माणसे वगळली तर विद्याशाखेत दगड-विटांपलीकडे काय उरते?

आता दुसरा शब्द. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे महाविद्यालयाच्या सर्वांत वरच्या मंडळाला 'शासी निकाय' किंवा 'प्रबंध समिती' म्हणत. मराठीत आपण 'नियामक मंडळ' म्हणतो आणि गुजरातीत 'संचालक मंडळ' म्हणतात. शब्दांकडे नीट पाहा. कोणी शासन करणारे, कोणी प्रबंध करणारे, कोणी नियमन करणारे, तर कोणी चालवणारे. चारही शब्दांत शिकवणारा मात्र कोठेच दिसत नाही. शिक्षणसंस्था ज्या कामासाठी जन्माला येते ते काम करणारा माणूस तिच्या कारभाराच्या शब्दांतच नसावा, हे जरा विचित्र आहे. तो तेथे असावा की नसावा आणि असला तर किती, हाच आपला विषय आहे.

मराठी माणसाने केलेला प्रयोग

ह्या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी देण्यात आले. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक ह्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच वामन शिवराम आपटे, गोपाळ गणेश आगरकर आणि महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना येऊन मिळाले. चिपळूणकर १८८२ मध्ये निवर्तले. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य आपटे होते.

ह्या संस्थेची घडण वेगळी होती. कोणा धनिकाने संस्था काढली आणि शिक्षक नोकरीला ठेवले, असे येथे नव्हते. शिक्षकांनीच संस्था काढली आणि समाजाकडून देणग्या मिळवल्या. अशा शिक्षकांना 'आजीव सभासद' म्हणत. सुमारे वीस वर्षे अल्प वेतनावर संस्थेची सेवा करायची, असे ते बांधून घेत. संस्था स्थिरावल्यावरही हे वेतन महिना पंचाहत्तर रुपये होते. त्याच पात्रतेच्या माणसाला सरकारी नोकरीत ह्याच्या कितीतरी पट मिळू शकत होते. ह्या त्यागाच्या बदल्यात त्यांना कारभाराचा अधिकार होता. शाळा-महाविद्यालयाचे दैनंदिन व्यवस्थापन आजीव सभासदांच्या मंडळाकडे असे आणि त्यावर देणगीदार-हितचिंतकांच्या प्रतिनिधींसह एक नियामक मंडळ असे. म्हणजे शिकवणारा आणि चालवणारा एकच होता. जबाबदारी आणि अधिकार एकाच खांद्यावर होते.

ह्या पद्धतीने काय साधले ते पाहा. १८९२ मध्ये आपटे गेल्यावर आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये स्वतःच्या अकाली निधनापर्यंत त्या पदावर राहिले. गोपाळ कृष्ण गोखले ह्याच संस्थेत शिक्षक म्हणून घडले. १८९१ मध्ये गणित शिकवण्यासाठी धोंडो केशव कर्वे ह्यांना बोलावले गेले. पुढे अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाचे जे काम उभे केले, त्या काळात १९१४ पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये शिकवतच होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे फर्ग्युसनचे विद्यार्थी. १८९९ मध्ये केंब्रिजला ते सीनियर रँग्लर झाले. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यापुढे मोठ्या पगाराच्या वाटा मोकळ्या होत्या, तरी ते पुण्यास परतले, आजीव सभासद म्हणून रुजू झाले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. केवळ नोकरी म्हणून कोणी असे करत नाही. संस्था आपली आहे असे वाटले तरच माणूस असे करतो.

प्रयोगाची दुसरी बाजू

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास सांगताना फक्त गोड भाग सांगणे बरोबर नाही. ह्याच संस्थेत मोठी भांडणेही झाली. आजीव सभासदाने आपला सगळा वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत घेऊ नये, असे टिळकांचे मत होते. इतरांना हा नियम फार कडक वाटे. आपलेच वेतन वाढवावे की नाही, हा प्रश्नही शिक्षकांपुढे आला. सामाजिक सुधारणेवरून टिळक आणि आगरकर ह्यांचे मतभेद तर सर्वश्रुत आहेत. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा ठिणगी पडली आणि त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. जी संस्था त्यांनी रक्त आटवून उभारली, तिच्यातून ते बाहेर पडले.

ह्यावरून कोणी म्हणेल की शिक्षकांच्या हाती कारभार दिला की बारभाईंचा कारभार होतो. पण हा वाक्प्रचार वापरताना मूळ इतिहासही आठवावा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन राघोबादादांना दूर केले आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांची गादी सांभाळली. तेच बारभाई. पुष्कळ माणसांनी मिळून केलेला कारभार गोंधळाचा असेलही, पण कठीण प्रसंगी तोच घर वाचवतो.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील भांडणे उघड होती, तत्त्वाची होती आणि लेखी होती. टिळकांनी आपल्या राजीनाम्याची कारणे सविस्तर लिहून दिली. टिळक गेले तरी महाविद्यालय बंद पडले नाही. एकाच माणसावर सारे अवलंबून असते तर ते टिकले असते का, ह्याचा विचार करावा.

आपल्या बडोद्याची गोष्ट

आता आपल्या घरी येऊ. बडोदे कॉलेज १८८१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस श्रीमंत सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. पुण्यातील महाविद्यालय शिक्षकांनी काढले, आपले राज्याने काढले. येथे प्राध्यापक हे दरबारचे नोकर होते. महाराजांची दृष्टी इतकी मोठी होती की त्यांनी उत्तम माणसे निवडून आणली. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्यास आले, कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले, पुढे उपप्राचार्य झाले आणि १९०६ मध्ये गेले. मात्र परीक्षा आणि अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाचे असत. शिकवणारे येथे, ठरवणारे मुंबईत, अशी ती व्यवस्था होती.

ती १९४९ मध्ये बदलली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. राज्य गेले, विद्यापीठ राहिले. श्रीमती हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. हे विद्यापीठ दूरदूरच्या महाविद्यालयांना संलग्न करून घेणारे नव्हते. शिकवणे, अभ्यासक्रम आखणे आणि परीक्षा घेणे ही तिन्ही कामे एकाच आवारात होऊ लागली. म्हणूनच प्राध्यापकांना नव्या वाटा काढता आल्या. ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. मूळ इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिच्या चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख. कला ही विद्यापीठात पदवीसाठी शिकवायची म्हणजे काय शिकवायचे, ह्याचा तयार नमुना देशात फारसा नव्हता. तो बेंद्रे, शंखो चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवता शिकवता घडवला. बडोद्याचे नाव कलेच्या जगात झाले त्याचे एक कारण हे आहे.

विद्यापीठाच्या कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट ही मंडळे दिली. सिनेट ही मोठी सभा. तिच्यात प्राध्यापकांचे आणि नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असत. ह्या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी पदवीधर म्हणून त्या निवडणुकीत मत दिले असेल. सिंडिकेट हे छोटे कार्यकारी मंडळ. त्यांच्या जोडीला विद्याशाखांची मंडळे आणि विषयवार अभ्यास मंडळे होती. अभ्यास मंडळ म्हणजे त्या विषयाचे प्राध्यापक एकत्र बसून अभ्यासक्रम ठरवतात ती जागा. वर्तमानपत्रात तिची बातमी क्वचितच येते, पण आपल्या मुलाच्या हातात कोणते पुस्तक पडणार हे तेथेच ठरते.

हेही मान्य केले पाहिजे की सिनेट-सिंडिकेटच्या निवडणुकांत गटबाजी शिरली, पक्ष आले आणि कधी कधी शिक्षणापेक्षा राजकारणाचीच चर्चा अधिक झाली. अनेक पालक ह्या कारणाने त्या निवडणुकांना कंटाळले होते.

प्राध्यापकाचा अधिकार कोठवर, हा प्रश्न मे २००७ मध्ये अगदी तीव्रतेने पुढे आला. ललित कला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या काही चित्रांवरून बाहेरच्या लोकांनी हरकत घेतली. विद्यार्थ्यास अटक झाली आणि विद्याशाखेचे त्या वेळचे प्रभारी डीन निलंबित झाले. ती चित्रे कोणास आवडोत वा न आवडोत, त्यावर दोन मते असू शकतात. परंतु परीक्षेच्या कामाचे मूल्यमापन कोणी करायचे, प्राध्यापकांनी की प्रांगणाबाहेरच्यांनी, हा त्यातील कारभाराचा प्रश्न होता. असा प्रश्न येतो तेव्हा कोणाचे ऐकायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. प्रसंग आल्यावर ठरवायला बसले तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते.

२०२३ मध्ये काय बदलले

सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने सार्वजनिक विद्यापीठांचा नवा कायदा मंजूर केला. त्याने राज्यातील अकरा विद्यापीठे एका कायद्याखाली आली, त्यांत आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठही आहे. १९४९ चा स्वतंत्र कायदा संपला. सिनेट आणि सिंडिकेट गेली आणि त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आले. निवडणुकीने येणाऱ्या प्रतिनिधींची जागा नेमणुकीने येणाऱ्या सदस्यांनी घेतली. अभ्यासक्रमाशी संबंधित मंडळे राहिली, पण सर्वांत वरच्या सभेत निवडून आलेल्या प्राध्यापकाची आणि पदवीधराची खुर्ची उरली नाही.

ह्या बदलाच्या बाजूने सांगितले जाते की निर्णय लवकर होतील, सर्व विद्यापीठांत एकसारखेपणा येईल आणि राजकारण कमी होईल. विरोधात अनेक प्राध्यापकांनी म्हटले की विद्यापीठाची स्वायत्तता कमी होईल आणि प्रश्न विचारणारा आवाज आत राहणार नाही. वडोदऱ्यात ह्या कायद्याला उघड विरोधही झाला.

माझे मत विचाराल तर निवडणुकीतील राजकारण हा खरा रोग होता, पण औषधाने रोगाबरोबर रोग्याची वाचाही नेली. निवडून आलेला माणूस त्याला निवडणाऱ्यांना उत्तर देतो. नेमलेला माणूस त्याला नेमणाऱ्याला उत्तर देतो. नेमलेली माणसे वाईट असतात असे नाही, पुष्कळदा ती फार विद्वान असतात. पण अप्रिय सत्य सांगण्याची वेळ आली की दोघांची स्थिती सारखी राहत नाही.

शेजारी काय करतात

शेजारच्या महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात 'महाविद्यालय विकास समिती' ठेवली. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष व सचिव असतात, प्राचार्य सदस्य-सचिव असतात आणि पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक असतात. त्यांपैकी निदान एक महिला असावी लागते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही तेथे जागा आहे. महाविद्यालयाचा विकास आराखडा आणि अंदाजपत्रक ह्या समितीपुढे यावे लागते. म्हणजे पैसे कोठे खर्च होणार हे ठरताना शिकवणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला असतो.

दूरचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे. तेथे शंभराहून अधिक 'कम्युनिटी कॉलेजे' आहेत. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी फीचे, आपल्या गावासाठी असलेले सार्वजनिक महाविद्यालय. कामगार, गृहिणी, नव्याने आलेले परदेशी, सर्वांना तेथे शिकता येते. आपल्याकडील अनेक कुटुंबांची तिकडे गेलेली मुलेही प्रथम तेथेच पाऊल टाकतात. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३ च्या सुमारास ह्याच नावाची योजना कौशल्य-शिक्षणासाठी आणली होती.

कॅलिफोर्नियात ह्या महाविद्यालयांचे विश्वस्त स्थानिक मतदार निवडून देतात. म्हणजे अंतिम अधिकार समाजाचा. परंतु १९८८ च्या एका कायद्याने आणि त्याखालील नियमांनी प्राध्यापकांच्या सभेला निश्चित स्थान दिले. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणदानाची पद्धत, नवे अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या यशाचे निकष, प्राध्यापकांचे प्रशिक्षण, अंदाजपत्रक तयार करण्याची प्रक्रिया, अशी विषयांची यादीच दिली आहे. ह्या विषयांत विश्वस्तांनी दोनपैकी एक मार्ग घ्यायचा. एक तर प्रामुख्याने प्राध्यापकसभेच्या सल्ल्यावर विसंबायचे, नाही तर दोघांनी मिळून सहमतीने ठरवायचे. पहिला मार्ग घेतला आणि तरीही सल्ला मानला नाही, तर सभेने मागताच विश्वस्तांनी त्याची कारणे लेखी द्यायची.

मला ह्यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. विश्वस्तांनी नेहमी ऐकलेच पाहिजे, असे तो नियम म्हणत नाही. सल्ला सामान्यतः मानावा आणि न मानल्यास कारण लिहून द्या, असे म्हणतो. "आम्हाला वाटले म्हणून" हे तोंडी चालते, कागदावर चालत नाही. लिहायला बसले की माणूस पुन्हा एकदा विचार करतो.

काम कोणाचे, शब्द कोणाचा

हे सर्व पाहिल्यावर काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट. पैसा, जमीन, इमारत आणि हिशेब ह्यांत अंतिम शब्द विश्वस्तांचा असावा. सार्वजनिक विश्वस्त संस्था १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि हिशेबाचा जाब चॅरिटी कमिशनर विश्वस्तांनाच विचारतात, शिक्षकांना नाही. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याकडे अधिकार. शिवाय शिक्षकांनी स्वतःच स्वतःचा पगार ठरवावा हेही बरे नाही. पुण्याच्या प्रयोगात अडचण आली ती येथेच.

दुसरी गोष्ट. काय शिकवावे, कसे शिकवावे, कसे तपासावे ह्यांत प्रामुख्याने शिक्षकांचे ऐकावे. आपण वैद्याकडे जातो तेव्हा फी आपण देतो, पण गोळी कोणती ते वैद्य ठरवतो. देणगी देणाऱ्याचे समाजावर उपकार आहेत, परंतु देणगीने गणिताचा अभ्यासक्रम ठरत नाही.

तिसरी गोष्ट. काही प्रश्न मधले असतात. नवी प्रयोगशाळा काढावी की नवे सभागृह बांधावे? एखादा विषय विद्यार्थी कमी म्हणून बंद करावा का? एका वर्गात किती मुले बसवावीत? ह्यांत पैसाही आहे आणि शिक्षणही. अशा प्रश्नांत दोघांनी एकत्र बसावे. बहुतेक संस्थांत खरी कटुता ह्याच प्रश्नांवरून होते, कारण ते कोणाचे ते ठरलेले नसते.

चौथी गोष्ट. हक्काबरोबर काम येते. सभेला जायचे, कागद वाचून जायचे, विद्यार्थ्याचे हित आपल्या सोयीच्या आधी ठेवायचे. मंडळावर जागा हवी पण बैठकीला वेळ नाही, असे म्हणणाऱ्या प्राध्यापकाला तक्रारीचा अधिकार राहत नाही. आजीव सभासदांना अधिकार मिळाला तो त्यांनी वीस वर्षे देऊ केली म्हणून.

काही जण विचारतील की शिक्षक स्वतःचाच स्वार्थ पाहतील, मग? पाहतीलही. माणूस म्हटला की स्वार्थ आलाच, मग तो विश्वस्त असो, शिक्षक असो की पालक. त्यावर उपाय एकच. कोणा एकाकडे सारे न देता प्रत्येकाने दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत काम करावे.

शाळेसाठी ह्यातून काय घ्यावे

आपली शाळा महाविद्यालय नाही, तरीही तत्त्व तेच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आणि तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे म्हटले. निम्म्या जागा महिलांच्या. म्हणजे पालकांचे स्थान कायद्याने ओळखले. शिक्षकांचे स्थान मात्र पुष्कळदा संस्थेच्या रीतीवर अवलंबून राहते.

मराठी समाज ह्या शहरात कित्येक पिढ्या आहे. आपल्या वाडवडिलांनी स्वतःच्या मिळकतीतून, वर्गणीतून, वेळप्रसंगी दारोदार फिरून शाळा, वाचनालये आणि मंडळे उभी केली. विश्वस्तपद आपल्याकडे मानाचे आहे आणि ते तसेच राहावे. परंतु आज मराठी माध्यमाच्या वर्गांत मुले कमी होत आहेत. माध्यम बदलावे का, दोन्ही चालवावीत का, मराठी केवळ एक विषय म्हणून ठेवावी का, असे प्रश्न आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेपुढे येणार आहेत. हे तिसऱ्या प्रकारचे, मधले प्रश्न आहेत. केवळ ताळेबंद पाहून त्यांचे उत्तर मिळणार नाही आणि केवळ भावनेनेही नाही. पहिलीतले मूल घरी कोणती भाषा बोलते, कोठे अडखळते, कोणत्या वर्षी गळते, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असते. ती माहिती निर्णयाच्या टेबलापर्यंत पोहोचली नाही तर चांगली माणसेसुद्धा चुकीचा निर्णय घेतील.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती तीन गोष्टींची आहे. शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक प्रतिनिधी मंडळाच्या बैठकीत बसू द्यावा, मताधिकार नसला तरी बोलण्याचा अधिकार असावा. शिक्षणाशी संबंधित कोणताही ठराव मंडळापुढे येण्याआधी शिक्षकांच्या सभेपुढे यावा. आणि शिक्षकांची लेखी सूचना अमान्य झाली तर त्याची दोन ओळींत का होईना, लेखी कारणे मिळावीत. ह्याला एक पैसाही खर्च नाही.

शिक्षक सहकाऱ्यांना सांगणे असे की ही जागा मिळाली तर ती आपल्या अडचणी मांडण्यापुरती वापरू नये. मुलांचे मांडावे, मग आपले.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या महाविद्यालयात जाल. पहिल्या वर्षी प्राध्यापकांना जरूर विचारा, "सर, आमच्या विषयाच्या अभ्यास मंडळावर कोण आहे? हा अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला?" ते आनंदाने सांगतील. काही जणांना तर हे पहिल्यांदाच कोणी विचारले असेल. तुमच्यापैकी कोणी पुढे प्राध्यापक होईल, कोणी विश्वस्त होईल, कोणी नुसता पालक होईल. तिघांनाही एकाच टेबलाशी बसायचे आहे, तेव्हा एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय वर्गातच लावून घ्यावी.

ह्या विषयावर पालकांची आणि माजी विद्यार्थ्यांची मते शाळेच्या कार्यालयात लेखी आल्यास आम्ही ती शिक्षकांच्या पुढील सभेत वाचू.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक